अंगठ्याला थांबता येत नाही

जुळे सोलापुरात ताईकडे गेलो की भाचा लॅपटॉप पुढे ओढतो. मागच्या महिन्यात तो मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होता. वळण आलं, त्यानं बटण दाबलं आणि गाडी सरळ भिंतीवर गेली. "मामा, मी वेळेवर वळवली होती," तो कळवळून म्हणाला. त्याचं खरंच होतं. त्यानं वेळेवर वळवली होती, पण ते चित्राला उशिरा कळलं.

त्या लॅपटॉपमध्ये गेम नव्हताच. तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर चालतो आणि आपल्याकडे येतो फक्त त्याचा व्हिडिओ. याला क्लाउड गेमिंग म्हणतात. महागडा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची पेटी, घ्यायचा नाही, महिन्याचं भाडं भरायचं आणि खेळायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्स कन्सोलची अशी सेवा भारतातही सुरू केली. मग पडद्याखालची पेटी आता जाणार का?

उत्तर त्या भिंतीवर आदळलेल्या गाडीत आहे. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) येतात. सोलापूर ते मुंबई रस्त्यानं साधारण ४०० किलोमीटर. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर मुंबईत असला, तर जाऊन यायला ४ मिलिसेकंद पुरतात. अंतराला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ जातो तो तिकडे चित्र दाबून लहान करण्यात, इकडे ते उलगडण्यात आणि सगळ्यात बेभरवशाचा म्हणजे शेवटच्या टप्प्यात. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंतच्या वाय-फायमध्ये एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. संध्याकाळी घरोघरी मालिका आणि मॅच सुरू झाल्या की डेटाची पाकिटं, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, रांगेत उभी राहतात. वीस वेळेवर पोचतात, एकविसावं अडकतं.

मग सिनेमा का अडखळत नाही? कारण सिनेमा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. गेमचं पुढचं चित्र मात्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. भाच्याचा अंगठा डावीकडे जाणार की उजवीकडे, यावर ते ठरायचं असतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर अडचण हीच आहे, आणि नुसता वेग वाढवून ती सुटत नाही.

डेटाचाही हिशेब करून बघा. फुल एचडी चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट लागतील. ते दाबून १५ मेगाबिटवर आणलं, म्हणजे दोनशेपट लहान केलं, तरी तासाला पावणेसात जीबी जातात. रोज २ जीबीचा मोबाइल रिचार्ज असलेल्या पोराचा खेळ अठराव्या मिनिटाला संपतो.

हा प्रयोग नवा नाही. ऑनलाइव्ह ही क्लाउड गेमिंगची सेवा २०१० मध्ये आली, २०१५ मध्ये बंद पडली. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२३ एवढीच टिकली. गूगलनं गेमचे पैसे परत केले, पण विकत घेतलेला गेम हातात उरला नाही. लहानपणी आम्ही टीव्ही गेमच्या कॅसेटी एकमेकांना द्यायचो. भाड्याच्या गेममध्ये मित्राला द्यायला काहीच नसतं, आणि मला ते फार लागतं.

आता स्पर्धेचं. सोलापूरकरांना जॅकार्ड सांगायला नको. माग तोच, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की चादरीवरची नक्षी बदलते. कन्सोलही असाच माग आहे, गेम ही त्याची नक्षी. कंपन्या माग बेताच्या नफ्यावर, कधी तोट्यातही विकतात आणि कमाई नक्षीतून करतात. म्हणून आपली उत्तम नक्षी दुसऱ्याच्या मागावर जाऊ द्यायची नाही, ही जुनी रीत.

ती रीत आता मोडते आहे. मायक्रोसॉफ्टनं अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं तो सौदा अडवला. कारण पेट्यांची विक्री नव्हतं; क्लाउडची उद्याची बाजारपेठ मायक्रोसॉफ्टच्याच हातात जाईल, ही भीती होती. अखेर युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउडचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये सौदा पार पडला. इवल्याशा बाजारासाठी एवढं ताणून धरलं हे मला योग्यच वाटतं. वाढल्यावर अडवणं कुणालाच जमलं नसतं. आज मायक्रोसॉफ्टचे काही गेम सोनीच्या पेटीवर चालतात. निन्टेंडो मात्र आपले मोठे गेम आपल्याच यंत्रापुरते ठेवते आणि जून २०२५ मध्ये तिनं स्विच २ हा नवा कन्सोल आणला.

पेटी स्वस्तही होत नाही. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. पूर्वी कन्सोल जुना झाला की किंमत उतरायची. २०२५ मध्ये मात्र सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही अमेरिकेत दर वाढवले. माझा अंदाज असा, की हळूहळू चालणारे, डोकं लढवायचे गेम क्लाउडवर जातील. मारामारी आणि शर्यती बराच काळ घरातल्या पेटीवरच राहतील.

भाच्यासाठी त्या रविवारी राउटरपासून त्याच्या टेबलापर्यंत पंधरा फूट लॅन केबल ओढली आणि दाराच्या चौकटीवर खिळे ठोकून बसवली. ताई त्या खिळ्यांमुळे चिडली. पण तेच वळण आलं आणि गाडी वळली.