डोळ्यातलं भिंग आणि नाकावरचं भिंग

"आईच्या मोतीबिंदूचे पैसे मेडिक्लेमनं दिले, मग माझ्या लांबचं-जवळचं एकाच भिंगात दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे का नाही? शेवटी डोळाच ना तो!" रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी निघतो. त्यावर कोणीतरी काका हमखास सांगतात, "क्लेम टाकून तर बघ." टाकू नका. नुसत्या मेडिक्लेमवर तो परत येणार, आणि त्यात कंपनीची लबाडी नसेल.

मेडिक्लेम काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जागा घालवत नाही. ओपीडी कव्हर म्हणजे दाखल न होता होणारा खर्च: डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं आणि क्वचित चष्मा. बऱ्याचदा ते मेडिक्लेमलाच रायडर, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली जोड, म्हणून लावलेलं असतं, प्रीमियमची पावतीही एकच येते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पावती एक असली तरी रक्कम, मर्यादा आणि नियम वेगळे आहेत. मेडिक्लेमचे पाच लाख ओपीडीकडे वळत नाहीत.

आता मुख्य गाठ. मेडिक्लेमला कुठला अवयव आजारी आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तो खाट मोजतो. किमान २४ तास दाखल, किंवा डे-केअरमध्ये, म्हणजे दाखल होऊन त्याच दिवशी घरी जाण्यात, बसणारी प्रक्रिया. मोतीबिंदू काही तासांत उरकतो, तरी डे-केअर असल्यामुळे चालतो. डोळ्यात बसवलेलं कृत्रिम भिंग त्या शस्त्रक्रियेचाच भाग, म्हणून त्याचे पैसे मिळतात. नाकावरचं भिंग दुकानात बसून घेतलं जातं. त्यामागे ना दाखल होणं ना शस्त्रक्रिया, त्यामुळे ते मेडिक्लेमच्या दारातच अडतं. नंबर किती, डॉक्टर कोण, चष्मा किती गरजेचा, हे प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाहीत.

यावर हुशार माणूस पॉलिसीतलं ७.५ चं कलम काढून दाखवतो. विमा नियामकानं २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिली. त्यातली पंधरावी अट अशी, की ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचं माप) कमी दृष्टिदोष सुधारण्याच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. यावरून निष्कर्ष काढला जातो, "माझा नंबर मायनस आठ, म्हणजे मला चष्मा मिळतो." नाही मिळत. ही अट प्रत्यक्षात उपयोगी पडते ती लेसिकसारख्या, लेझरनं नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेला. ७.५ च्या खाली नंबर असेल तर लेसिक हौसेचं धरलं जातं. ७.५ किंवा वर असेल तर ही एक अडचण दूर होते, बाकीच्या अटी होत्या तिथेच राहतात. एखादी गोष्ट वगळलेली नाही म्हणजे ती दिलेली आहे, असं नसतं. आधी ती कव्हरमध्ये बसावी लागते, मग वगळण्याची यादी बघायची. चष्मा पहिल्याच पायरीवर बाहेर आहे, त्यामुळे मायनस आठ आणि मायनस दीड या दोघांना मेडिक्लेममधून सारखंच मिळतं: शून्य.

लेसिक करणार असाल तर शस्त्रक्रियेच्या आधीचे नंबरचे तारीखवार कागद जपा. ऑपरेशननंतर जुना नंबर सिद्ध करायला डोळा साक्ष देत नाही.

मोतीबिंदूतही पैसे पूर्ण मिळतात असं धरू नका. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींची पॉलिसी आहे, तीच नमुन्याला घेऊ. तिच्यात मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं. मर्यादा विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते, एका डोळ्याला, एका पॉलिसी वर्षात. एक लाखाची पॉलिसी असेल तर २५,०००. दोन लाखांची असेल तर २५ टक्के होतात ५०,०००, पण मर्यादा ४०,००० लाच थांबते. वर पाच टक्के को-पे तुमच्या खिशातून. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल भिंगावर डॉक्टरांनी भर दिला, तर साध्या भिंगाच्या वरचा फरक कोण भरणार हे टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी मधली संस्था) आधी लेखी घ्या. अशा ठिकाणी "बहुतेक होऊन जाईल" हे उत्तर पुरत नाही.

ऑपरेशननंतर साधारण महिना-दीड महिन्यानं नंबर स्थिरावतो आणि वाचायचा चष्मा लागतो. त्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस कव्हर असतात, म्हणून चष्माही त्यात घालायचा मोह होतो. थेंब आणि पुढच्या तपासण्या जरूर घाला, चष्मा नको. आणि नेत्ररुग्णालयातल्याच काउंटरवरून चष्मा घेत असाल तर त्याचं बिल वेगळं मागा. औषधांच्या बिलात एक ओळ चष्म्याची घुसली की सगळ्या बिलावर शंका येते आणि थेंबांचे पैसेही अडकून पडतात.

आता ओपीडी कव्हर. चष्मा मिळायची आशा असेल तर इथेच, पण इथेही दोन खड्डे आहेत. पहिला: "डोळ्यांची तपासणी समाविष्ट" याचा अर्थ चष्मा समाविष्ट असा होत नाही. पॉलिसीच्या शब्दांत चष्मा, फ्रेम, लेन्स किंवा ऑप्टिकल असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. सोबत येणारी कस्टमर इन्फर्मेशन शीट आधी वाचा, ती त्यासाठीच असते. रक्कम किती, वर्षातून एकदा की दोन वर्षांतून, ठरलेल्या दुकानातच की कुठेही, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. दुसरा खड्डा: सवलतीचं कार्ड. अमुक दुकानात २० टक्के सूट म्हणजे विमा नव्हे, ती दुकानदाराची जाहिरात आहे. अशा कार्डाला "व्हिजन कव्हर" म्हणून विकणाऱ्यांचा मनापासून राग येतो.

हिशेब करून बघा. समजा रायडरमुळे प्रीमियम वर्षाला ३,००० नं वाढला आणि चष्म्याला दोन वर्षांत एकदा ४,००० मिळाले. दिले ६,०००, मिळाले ४,०००. घरात महिन्याला दोन-तीनदा डॉक्टरांकडे जाणं होत असेल तर रायडर परवडेल, निव्वळ चष्म्यासाठी घेऊ नये. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीचं गणित वेगळं. पिथमपूरच्या कारखान्यात किंवा सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसात ओपीडीची सोय आधीच असेल, तर एचआरला विचारा आणि वर्ष संपायच्या आत वापरा. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

कागदांत लोक हटकून चुकतात. प्रिस्क्रिप्शनची तारीख बिलाच्या आधीची हवी. दुकानातल्या मशिनमधून निघालेली चिठ्ठी हे प्रिस्क्रिप्शन नव्हे, त्यावर तपासणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही लागते. बिल पक्कं, ज्याचा चष्मा त्याच्याच नावाचं, फ्रेम आणि लेन्स वेगवेगळ्या ओळीत. यूपीआय किंवा कार्डानं पैसे द्या म्हणजे पुरावा राहतो.

कराचाही घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ६,००० च्या चष्म्यावर ७२० ऐवजी ३००. बिना नंबरच्या गॉगलला ही सवलत नाही. त्याच दिवसापासून वैयक्तिक आणि फॅमिली आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, ग्रुप पॉलिसीवर मात्र तो तसाच आहे.

बिल फुगतं ते बहुतेक वेळा काउंटरवरच्या आग्रहानं. ब्लू-कटचे, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगाचे, जादा पैसे देऊ नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या समीक्षेत संगणकामुळे येणारा डोळ्यांचा ताण त्यानं कमी होत असल्याचं दिसलं नाही. दोनपर्यंतच्या नंबराला १.५ किंवा १.५६ इंडेक्स (हा आकडा जितका मोठा तितकं भिंग पातळ) पुरतो, चारच्या आसपास १.६, सहाच्या पुढे १.६७ चा विचार करा. १.७४ पातळ असतं खरं, पण कडेला रंगांची झालर दिसू शकते. प्रोग्रेसिव्हमध्ये मात्र कंजुषी नको. फ्रेम अगदी उथळ घेतली तर वाचायचा भाग कापला जातो, आणि बाहुल्यांमधलं अंतर व फिटिंगची उंची फ्रेम डोळ्यांवर चढवूनच मोजून घ्यावी लागते. ते न करता ऑनलाइन मागवलेला प्रोग्रेसिव्ह ड्रॉवरमध्ये जाऊन बसतो.

आयुष्मान कार्डाचं थोडक्यात: सत्तरीच्या वरच्यांना मिळणारे पाच लाख रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. तिथे ओपीडी नाही, म्हणून चष्माही नाही.

ओपीडीत चष्मा स्पष्ट लिहिलेला असूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. तक्रार एका वर्षाच्या आत करायची, फी नाही, वकील लागत नाही. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसीतलं ते कलम आणि ते पक्कं बिल.