बल्लभगढ स्मृतिभ्रंश अभ्यास

हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगढ परिसरातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात झालेले, वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचे भारत-अमेरिका संयुक्त संशोधन. विजय चंद्रा आणि पिट्सबर्गच्या मेरी गांगुली ही त्यातली प्रमुख नावे. वयाची ५५ वर्षे ओलांडलेल्या ५,१२६ जणांची पाहणी झाली. त्यांतले ७३.३ टक्के निरक्षर होते, आणि खरी अडचण तिथेच होती.

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत एक वाक्य लिहायचे असते, चिठ्ठीवरची सूचना वाचून डोळे मिटायचे असतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीचे हे गुण विस्मरण नसतानाही जाणार. म्हणून गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी चाचणीत प्रश्नच बदलले. ‘साल कोणते?’ ऐवजी ‘आता सकाळ आहे की दुपार?’, वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’. डोळे मिटण्यासाठी वाचायला काही दिले जात नसे; ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ म्हणत परीक्षक स्वतःच डोळे मिटून दाखवी. लक्षात ठेवायचे तीन शब्द होते आंबा, खुर्ची आणि नाणे.

घरच्यांनाही वेगळे प्रश्न विचारले जात: नुकतेच जेवल्याचे विसरून पुन्हा वाढायला सांगतात का? गावात वाट चुकतात का? लग्नकार्यासारख्या बाबींत मत देतात का? एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसावर हिशेबाची वा बाजारहाटाची जबाबदारी क्वचितच उरते, त्यामुळे सुरुवातीची घसरण झाकली जाते. वर ‘साठी बुद्धी नाठी’ आहेच; उत्तरेत त्यालाच ‘सठियाना’ म्हणतात. एकदा म्हण तयार असली की डॉक्टरकडे कोण जाणार?

१९९८ साली जाहीर झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के निघाले. पुढे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, त्याच वयोगटात अल्झायमरची (स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) नवी प्रकरणे, वयोरचनेतील फरक जुळवून घेतल्यावर, दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार जणांवर वर्षभर लक्ष ठेवल्यास) ४.७ भरली, तुलनेसाठी घेतलेल्या पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला खोऱ्यात ती १७.५ होती. कमी आयुर्मान, आजार जडल्यानंतरचे अल्प आयुष्य, धोक्याच्या घटकांतील फरक अशी कारणे सुचवली गेली. अल्झायमरशी जोडलेला ‘एपीओई-४’ हा जनुकीय प्रकारही बल्लभगढमध्ये तुलनेने विरळ आढळला, पण तेवढ्याने सगळी तफावत उलगडत नाही.

हा आकडा ‘भारतीयांना हा आजार होत नाही’ अशा समाधानासाठी वापरणे चूक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने ६० वर्षांवरील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज मांडला. दोन्हींचे निकष वेगळे असल्याने हे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. बल्लभगढची हिंदी चाचणी मात्र या नव्या अभ्यासातही होती.