पार्श्वभूमी : घरच्या कॉम्प्युटरचा फुकट पहारा आणि त्याचं बिल

मराठवाड्यात मध्यमवर्गीयांच्या घरात कॉम्प्युटर शिरला तो बराचसा एमएस-सीआयटीच्या पाठोपाठ. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झालं. पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीत त्याचं प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्या-तालुक्याला केंद्रं निघाली. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक संध्याकाळी क्लासला जाऊ लागले आणि पोरांच्या अभ्यासाचं निमित्त होऊन घरी असेंबल्ड मशीन आलं. दुकानदाराने ते जोडून दिलं, त्यात विंडोज एक्सपी ‘टाकून’ दिली, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, वर फोटोशॉप, दोन-चार गेम आणि गाणी. यातल्या बहुतेक गोष्टींची पावती कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

‘स्पायवेअरसाठी फुकटातलं कोणतं चांगलं?’ हा प्रश्न आजही दुकानात रोज येतो. त्याचं उत्तर द्यायचं तर या सुरुवातीपासून यावं लागतं. हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे फुकटच्या वाटेने आलं, त्यावरचा उतारा आपण फुकटच शोधला, आणि दोन्ही वेळा बिल कुणीतरी भरतच होतं. ते कोण भरतंय हे कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

व्हायरस त्याआधीपासून होतेच. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि तो फ्लॉपीवरून जगभर गेला. पण स्पायवेअरची जात वेगळी. व्हायरस लिहिणारा तोंड लपवतो. स्पायवेअरवाल्यांची मात्र कचेरी होती, वकील होते आणि वापरकर्त्याने ‘आय ॲग्री’ दाबून मान्य केलेला करारनामाही होता. गेटर या कंपनीचं उदाहरण घ्या. पासवर्ड लक्षात ठेवणारं सोयीचं सॉफ्टवेअर ती फुकट द्यायची. सोबत तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे टिपून त्या साइटच्या डोक्यावर दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती झळकवायची. गाणी उतरवण्यासाठी लोक काझा घ्यायचे, त्याच्या पोटातून गेटर यायचं. पीसी पिटस्टॉप नावाच्या साइटने त्याला स्पायवेअर म्हटलं म्हणून गेटरने २००३ मध्ये बदनामीचा दावा लावला आणि त्या साइटला आपली पानं काढावी लागली. त्याच वर्षी कंपनीने नाव बदलून क्लेरिया केलं.

या वकिलीचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचला. ‘ग्राहकाने स्वतः परवानगी दिलेली वस्तू आम्ही व्हायरस कशी ठरवायची?’ या अडचणीत मोठ्या अँटीव्हायरस कंपन्या बराच काळ अडकून राहिल्या. त्यामुळे ज्यांच्या मशीनमध्ये पैसे देऊन घेतलेला अँटीव्हायरस होता, त्यांचंही होमपेज बदलायचं आणि पॉपअपचा पाऊस पडायचा. ती फट भरून काढली एकेकट्या माणसांनी. अमेरिकेत स्टीव्ह गिब्सनला स्वतःच्याच मशीनवर ऑरिएट या जाहिरात कंपनीचं सॉफ्टवेअर सापडलं आणि त्याने २००० साली ‘ऑप्टआउट’ लिहून लोकांना फुकट दिलं. लाव्हासॉफ्टचं ॲड-अवेअर त्याच सुमाराचं. जर्मनीत पॅट्रिक कोलाने स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय लिहिलं. पैसे नकोत, वाटलं तर देणगी द्या, असा त्याचा हिशेब, आणि परवान्यात चक्क लिहिलेलं की हे काम आवडत्या मुलीला अर्पण. नेदरलँड्सच्या मेरिन बेलेकॉम या विद्यार्थ्याने हायजॅकदिस लिहिलं. हे काही आपोआप काढून टाकायचं नाही, फक्त मशीन सुरू होताना काय काय चालू होतं त्याची यादी समोर ठेवायचं. ती यादी वाचता येणारा माणूस गावात असला तर काम झालंच. या पहिल्या पिढीचा खर्च लिहिणाऱ्यांनी आपल्या रात्री जाळून केला, असंच म्हणावं लागेल.

आपल्याकडे ही साधनं यायला वेगळाच अडसर होता. डायल-अपवर सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळाले तरी नशीब. दहा एमबीचं अपडेट उतरायला अर्धा-पाऊण तास, मधेच फोन आला की लाइन तुटली आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात भारनियमन. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये आलं, पण ते आधी शहरांत. तोवर ‘डिजिट’सारख्या मासिकासोबत येणारी सीडी हाच मोठा आधार होता. एव्हीजी या अँटीव्हायरसची फुकट आवृत्ती, स्पायबॉट, त्यांची महिन्या-दीड महिन्यापूर्वीची अपडेटं, सगळं त्यात. ती सीडी गल्लीभर फिरायची. संरक्षण महिनाभर शिळं असायचं, पण असायचं.

शत्रू मात्र ताजा यायचा, आणि तोही बऱ्याचदा इंटरनेटवरून नव्हे. मराठवाड्यातल्या घरांपुरतं बोलायचं तर मोठी दारं दोन: कीजेन आणि पेनड्राइव्ह. सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारं कीजेन चालवताना ‘अँटीव्हायरस बंद ठेवा’ अशी सूचना सोबतच्या मजकुरात असायची आणि आपण ती इमानेइतबारे पाळायचो! अँटीव्हायरसचंच क्रॅक शोधणारेही काही कमी नव्हते.

पेनड्राइव्हचा किस्सा तर तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याला पाठ आहे. भरतीचा किंवा सीईटीचा फॉर्म भरायचा, फोटो आणि सही पेनड्राइव्हवर. तो कॅफेतल्या मशीनला लागला की आतल्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन परत यायचे. खरं फोल्डर तिथेच, पण ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असा शिक्का मारून लपवलेलं. वर त्याच नावाचा, कोपऱ्यात बाणाची खूण असलेला एक किलोबाइटचा शॉर्टकट. त्यावर दोनदा टिचकी मारली की आधी व्हायरस चालायचा आणि मग फोल्डर उघडायचं, म्हणजे संशय यायला जागाच नाही. जाणकार पोरगा काळी खिडकी उघडून ॲट्रिबची आज्ञा द्यायचा, शिक्के निघायचे, फोटो परत दिसायचे आणि पालकांना तो पोरगा देवासारखा वाटायचा. मूळ रोग मात्र घरच्या मशीनमध्ये तसाच. पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होऊ नये, यासाठीचं अपडेट मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी २०११ च्या फेब्रुवारीत सर्वांकडे पाठवलं. पण ज्या मशीनचं अपडेट दुकानदाराने ‘विंडोज नकली आहे असं दाखवायला लागेल’ म्हणून बंद करून दिलं होतं, तिथे ते पोहोचणार कसं?

या काळात दुकानातून विकला गेलेला अँटीव्हायरस म्हणजे क्विक हील. दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे प्रोग्रॅमर बंधू संजय यांनी पुण्यात उभा केलेला, १९९५ पासूनचा. दुरुस्ती करणाऱ्यालाच त्यांनी विक्रेता केलं, ही त्यांची खरी हुशारी. डब्यात सीडी, वर्षभर चालणारा परवाना-क्रमांक आणि अडचण आली तर मराठीत बोलणारा माणूस. दुकानदार फुकटचं कधी सुचवत नसे, कारण त्यात त्याला काही सुटत नसे. यात गैर काही नाही, पण ‘फुकटातलं चांगलं कोणतं’ याचं उत्तर काउंटरपलीकडून मिळणार नव्हतं, हेही खरं.

मग आले तोतये. साधारण २००५ ते २०१० या काळात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो व्हायरस सापडले’ असं ओरडणाऱ्या खोट्या खिडक्यांनी धुमाकूळ घातला. विनफिक्सर, स्पायशेरीफ, अँटीव्हायरस एक्सपी २००८. स्कॅन फुकट, साफसफाईला पैसे, आणि सापडलेलं सगळं बनावट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २००८ मध्ये यांच्यातल्या मोठ्या टोळीला कोर्टात खेचलं, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांवर सांगितला होता. आपल्याकडे क्रेडिट कार्डंच कमी, म्हणून खिसा वाचला; मशीन मात्र ‘लई स्लो चालायलंय भैय्या’ म्हणत फॉरमॅटला यायचं. आजही फुकटचं काही घेताना नाव गूगलवर टाकून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारायची नाही, थेट बनवणाऱ्याच्याच साइटवर जायचं, ही सवय त्या दिवसांची देणगी.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट ही छोटी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिचं अँटीस्पायवेअर स्वतःच्या नावाने चाचणीसाठी दिलं. त्याचंच २००६ मध्ये विंडोज डिफेंडर झालं. २००९ मध्ये व्हायरसही पकडणारं सिक्युरिटी एसेन्शियल्स फुकट मिळू लागलं. पण त्यासाठी अट होती, विंडोज अस्सल हवी. म्हणजे मराठवाड्यातल्या ज्या असेंबल्ड मशीनना त्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तीच दाराबाहेर. अस्सलपणा तपासणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम रोज कंपनीला खबर देतो, म्हणून तोच स्पायवेअर आहे असा दावा २००६ मध्ये अमेरिकेत दाखल झाला होता, ही त्यातली गंमत.

हे चित्र पालटलं ते लॅपटॉपमुळे. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस झाला आणि नव्या लॅपटॉपवर विंडोज अस्सलच येऊ लागली. सुरुवातीला त्याची पत यथातथाच होती. जर्मनीच्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेने २०१२ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्सचं प्रमाणपत्र काढून घेतलं होतं. नंतरच्या वर्षांत डिफेंडरने त्याच प्रयोगशाळेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. जुने दुरुस्तीवाले अजूनही ‘डिफेंडर काही कामाचा नाही’ म्हणतात, ते त्या २०१२ च्या आठवणीवर.

फुकट अँटीव्हायरसचं बिल उघडं पडलं ते २०१५ पासून. एव्हीजीने २०१५ मध्ये धोरणात सरळ लिहिलं की वापरकर्त्यांचा ब्राउझिंग आणि सर्चचा इतिहास आम्ही विकू शकतो. २०१६ मध्ये अवास्ट या दुसऱ्या अँटीव्हायरस कंपनीने एव्हीजी विकत घेतलं. अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती, हे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी बाहेर काढलं आणि ती बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड जाहीर केला. हेरांपासून वाचवणारं सॉफ्टवेअरच खबरी निघालं, यापेक्षा कडू विनोद या धंद्यात दुसरा नाही. आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हवर असणारं, मशीनमधला कचरा काढणारं सीक्लीनरही सुटलं नाही: ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ मध्ये हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच विष कालवलं आणि ते सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर गेलं.

सरकारी बाजू थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं; तिथे भारतीय कंपन्यांची साफसफाईची साधनं फुकट मिळतात. एकदा स्कॅन करायला ती बरी, पण चोवीस तास पहारा देण्याचं काम ती करत नाहीत. क्लॅमएव्ही या फुकट अँटीव्हायरसचंही तसंच. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे, कुणाला माहिती विकण्याचा प्रश्न नाही, पण ते मुळात मेल सर्व्हरसाठी घडलेलं. घरच्या विंडोजवर फक्त त्याच्या भरवशावर राहू नये.

एवढं पाहिल्यावर माझ्या मते घरच्या अस्सल विंडोजवर डिफेंडर चालू ठेवावा, अपडेट बंद करू नये आणि शंका आली तर मालवेअरबाइट्स या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीने एकदा तपासावं. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकले की मशीन रडतं, संरक्षण दुप्पट होत नाही. कीजेन वापरायचंच असेल तर कोणतंही साधन सुचवण्यात अर्थ नाही.

अडचण जुन्या मशीनची आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपची अट व इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा ही मर्यादा यामुळे कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले कित्येक सेकंडहँड लॅपटॉप विंडोज ११ ला चालत नाहीत. नवे व्हायरस ओळखण्याची डिफेंडरची यादी, म्हणजे त्याच्या व्याख्या, विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, पण खालच्या विंडोजची भोकं त्याने बुजत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेटं देऊ केली: एकतर ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, की फुकट. ज्यांना हेही नको, त्यांना लिनक्स मिंटसारखा पर्याय आहे. चार जीबी रॅमवर तो चालतो, मराठी युनिकोड त्यात आधीपासून आहे; फक्त जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.