डीप पर्पल: आठ वर्षं, चार संच

जुनं नाटक पुन्हा रंगमंचावर येतं तेव्हा जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापतात. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांनी संच मोजायला यंत्रांच्या मॉडेलसारखे आकडे दिले: मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर. १९६८ ते १९७६ या आठ वर्षांत असे चार संच झाले. ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस चारही संचांत आहेत, गिटारवर रिची ब्लॅकमोर पहिल्या तीनांत. गायक आणि बासवादक मात्र दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा जोडीनेच गेले. हा सगळा इतिहास भांडणांचा म्हणून सांगायची पद्धत आहे. भांडणं होतीच. पण दर बदलाच्या मुळाशी आवाजाचा किंवा दौऱ्यांचा एखादा अगदी व्यावहारिक प्रश्न सापडतो, आणि तो कळला की त्या त्या काळातल्या रेकॉर्ड वेगळ्या कानांनी ऐकता येतात.

सुरुवात १९६७ मधली. द सर्चर्स या बँडचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस लंडनमध्ये कापडाच्या व्यवसायातल्या टोनी एडवर्ड्सकडे एक कल्पना घेऊन गेला. बँडचं नाव राउंडअबाउट, मधोमध कर्टिस कायम, आणि बाकीचे वादक जत्रेतल्या चक्रावर चढावं-उतरावं तसे येत-जात राहणार. एडवर्ड्सने रॉन हायर आणि जॉन कोलेटा यांना सोबत घेऊन पैसे उभे केले आणि तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून एचईसी ही कंपनी काढली. कर्टिस तेव्हा ज्याच्याबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होता त्या लॉर्डला पहिलं बोलावणं गेलं. ब्लॅकमोर हॅम्बुर्गमध्ये होता, त्यालाही निरोप गेला. आणि मग कर्टिस स्वतःच बाहेर पडला.

मागे उरलेले दोघे अगदी वेगळ्या शाळांतले. लॉर्ड लेस्टरचा, लहानपणी शास्त्रीय पियानोचे धडे घेतलेला, द आर्टवुड्समध्ये ऑर्गन वाजवून आलेला. ब्लॅकमोर निर्माता जो मीकच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी गिटार वाजवत तयार झालेला. बासवर निक सिंपर आला. १९६६ मध्ये ज्या मोटार अपघातात गायक जॉनी किड गेला, त्यातून सिंपर वाचला होता. ड्रम्सवर बॉबी वुडमन होता. १९६८ च्या सुरुवातीला साउथ मिम्सजवळचं डीव्हज हॉल हे घर भाड्याने घेऊन तालमी सुरू झाल्या. गायकाच्या शोधात द मेझ या बँडचा रॉड एव्हान्स आला आणि त्याच्यामागोमाग त्याच बँडचा ड्रमर, एकोणीस वर्षांचा पेस. ब्लॅकमोरने पेसला हॅम्बुर्गमध्ये ऐकलेलं होतं. वुडमन घराबाहेर गेलेला असताना पेसची चाचणी झाली आणि तो परत येईपर्यंत निर्णय होऊन गेला होता. माणूस बदलायचा तो त्याच्या पाठीमागे, ही वाईट खोड या बँडला पहिला कार्यक्रम होण्याआधीच लागली.

तो पहिला कार्यक्रम २० एप्रिल १९६८ ला डेन्मार्कमधल्या तास्ट्रुप इथे झाला. पुढच्या महिन्यात पाय स्टुडिओत तीन दिवसांत पहिला अल्बम उरकला. बँडचं नवं नाव ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या जुन्या गाण्यावरून घेतलं. अल्बममधलं ‘हश’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि मायदेशी मात्र त्याला कोणी विचारलं नाही. यामुळे मार्क वनचा सगळा हिशोब अमेरिकेकडे झुकला. ऑक्टोबर १९६८ मध्ये क्रीम या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यात सुरुवातीला वाजवायचं काम मिळालं, पण थोड्याच कार्यक्रमांनंतर त्यांना काढलं गेलं. त्यांची अमेरिकी कंपनी टेट्राग्रामाटॉन १९७० मध्ये बुडाली आणि करार वॉर्नर ब्रदर्सकडे गेला. साधारण वर्षभरात तीन अल्बम निघाले, घरच्या मैदानावर ओळख जवळपास शून्य.

इथे ऑर्गनविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचा बदल त्याशिवाय समजत नाही. लॉर्ड वाजवायचा त्या हॅमंड ऑर्गनच्या पोटात लोखंडी चकत्या असतात आणि एक मोटर त्या फिरवते. चकतीच्या उंचवटे असलेल्या कडेजवळ चुंबक आणि त्याच्याभोवती तारेचं वेटोळं असतं. उंचवटे समोरून सरकले की तारेत विद्युत्संकेत तयार होतो, तोच सूर. हा सूर सहसा लेस्ली नावाच्या लाकडी पेटीतल्या फिरत्या स्पीकरमधून ऐकवतात. लेस्लीचा ॲम्प्लिफायर साधारण ४० वॅटचा. ब्लॅकमोरच्या मागे २०० वॅटचे मार्शल मेजर हे ॲम्प्लिफायर उभे राहू लागले तेव्हा ४० वॅटचा ऑर्गन ऐकू येणं शक्यच नव्हतं. माइक लावून वाढवायला जावं तर माइक गिटार आणि ड्रम्ससुद्धा उचलतो आणि शिट्टी मारतो. लॉर्डने मग ऑर्गनच गिटारसारखा मार्शलमध्ये घातला. आवाज फाटला, आणि फाटलेला तो आवाजच बँडची ओळख झाला. जाड, गुरगुरणारा, गिटारच्या नेमक्या त्याच पट्ट्यात येणारा. गिटार आणि ऑर्गनने मधली सगळी जागा भरून टाकल्यावर मानवी आवाजाला उरते ती वरची जागा. एव्हान्सचा गळा मधल्या पट्टीतला, मऊ, संथ गाण्यांना शोभणारा. तो वाईट गायक नव्हता. त्याचा आवाज ज्या जागेत राहायचा ती जागाच बँडने बुजवली.

१९६९ च्या उन्हाळ्यात ब्लॅकमोरने आपल्या जुन्या सहकाऱ्याला, ड्रमर मिक अंडरवुडला, गायक सुचवायला सांगितलं. अंडरवुड तेव्हा एपिसोड सिक्समध्ये वाजवत होता. त्याने आपल्याच बँडचा इयन गिलन दाखवला. गिलन वरच्या सप्तकात किंचाळीपर्यंत जाऊनही सुरात राहणारा. त्याच्यासोबत त्याचा गीतलेखनातला जोडीदार, बासवादक रॉजर ग्लोव्हर आला, आणि म्हणून सिंपर गेला. जून १९६९ मध्ये नव्या जोडीबरोबर रेकॉर्डिंग झालं, हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये तालमी चालल्या, आणि त्याच दिवसांत एव्हान्स-सिंपर ठरलेले कार्यक्रम करत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. जुन्या संचाचा शेवटचा कार्यक्रम ४ जुलैला कार्डिफमध्ये झाला आणि नव्याचा पहिला १० जुलैला लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये. मधे सहा दिवस. संगीताच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, पण ज्या रीतीने तो अंमलात आणला ती रीत अन्यायाची होती. हे दोन्ही एकदम खरं आहे.

मार्क टूचं पहिलं मोठं काम मात्र वेगळ्याच वाटेचं होतं. २४ सप्टेंबर १९६९ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने रचलेली तीन भागांची कॉन्चेर्तो, म्हणजे वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना, बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवली, संचालन माल्कम अर्नोल्ड यांचं. बँडची एकदम चर्चा झाली, पण ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारी मंडळी अशी. ब्लॅकमोरला हे नको होतं. पुढचा अल्बम फक्त कठीण रॉकचा, हा त्याचा आग्रह, आणि जून १९७० चा ‘इन रॉक’ त्यातून आला. ‘चाइल्ड इन टाइम’ याच अल्बममध्ये आहे. त्याच्या आरंभीची ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या एका रचनेवरून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचं नाव आहे ‘बॉम्बे कॉलिंग’. मूळ रचना गतीने धावते. पर्पलने ती संथ केली आणि वर गिलनचा आवाज पायरी पायरीने चढवला. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत वाजवून गेले तेव्हा त्या कार्यक्रमाच्या चित्रफितीलाही हेच नाव मिळालं.

यानंतर दौऱ्यांचं जातं सुरू झालं. १९७१ च्या शरद ऋतूत गिलनला कावीळ झाली आणि अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकावा लागला. पुढच्या वसंतात ब्लॅकमोरलाही तीच. क्वेबेकमधल्या एका कार्यक्रमापुरता स्पिरिट या बँडचा रँडी कॅलिफोर्निया गिटारवर बसवला. दोन काविळींच्या मधल्या फटीत ‘मशीन हेड’ हा अल्बम झाला. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने आणला होता. ४ डिसेंबरला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कोणीतरी छताकडे आगीचं काहीतरी उडवलं आणि कसिनो जळून गेला. पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात हलवलं तर आवाजाने शेजारी जागे झाले आणि पोलीस दाराशी आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. तिथल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून आवाज अडवला. घेतलेलं ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या आणि अंगण ओलांडून बाहेर उभ्या ट्रकपर्यंत जावं लागे. काही दिवसांनी त्यांनी जाऊन ऐकणंच सोडलं. टेक चांगला झाला असं वाटलं की पुढे. त्या अल्बमचा सलग, एका दमात वाजवल्यासारखा पोत या गैरसोयीतून आलेला आहे.

ऑगस्ट १९७२ मध्ये जपान: १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियो, ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च, आठ ट्रॅकचं यंत्र. या दौऱ्याच्या नकाशात हॅमंडवाल्यांची एक जुनी अडचण दडलेली आहे. ऑर्गनची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीशी बांधलेली असते. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन ५० वर लावला तर चकत्या एक षष्ठांश हळू फिरतात आणि ‘सा’ दाबला की खालच्या शुद्ध धैवताच्याही किंचित खालचा सूर वाजतो. गिटार तेवढी उतरवता येत नाही, तारा ढिल्या पडतात. ब्रिटन ५० हर्ट्झचं, अमेरिका ६० ची, आणि जपान एकाच देशात दोन्ही: ओसाका ६०, टोकियो ५०. हॅमंड घेऊन तिथे फिरणाऱ्या बँडला फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र किंवा त्या त्या शहराला चालणारा ऑर्गन आधीच पक्का करावा लागतो. नाहीतर तालमीच्या पहिल्या सुरालाच सगळं कोसळतं.

या तीन रात्रींतून निघालेला थेट कार्यक्रमाचा अल्बम हा मार्क टूचा कळस. आतून मात्र संच संपत आला होता. गिलन आणि ब्लॅकमोर बोलेनासे झाले. गिलनने डिसेंबर १९७२ मध्ये डेटन, ओहायोहून राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि जून १९७३ अखेरपर्यंतचे कार्यक्रम पुरे करण्याचं कबूल केलं. व्यवस्थापनाने तेव्हा सगळ्यांना तीन महिन्यांच्या सुट्टीवर पाठवायला हवं होतं, असं तो पुढे म्हणाला. सुट्टी मिळाली नाही, तारखा मिळाल्या. २९ जून १९७३, ओसाका, शेवट. ग्लोव्हरलाही जावं लागलं: तो गेला तरच मी राहीन, अशी ब्लॅकमोरची अट होती.

नवी जोडी उभी करताना या वेळी क्रम उलटा होता. आधी बासवादक ठरला, ट्रपीझ या बँडचा ग्लेन ह्यूज, जो स्वतःच उंच पट्टीचा गायक होता. फ्री या बँडच्या गायकाला, पॉल रॉजर्सला, विचारलं, तो आला नाही. मग एक टेप पाठवणारा, रेडकारच्या कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल निवडला गेला. दोन गायक असल्याने खालची पट्टी कव्हरडेलची, वरची ह्यूजची, आणि संगीतात सोल आणि फंक शिरलं. ‘बर्न’ (१९७४) या अल्बममध्ये हा तोल जमला आहे. ६ एप्रिल १९७४ ला कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवात दोन लाखांहून अधिक लोकांसमोर ब्लॅकमोरने सूर्यास्ताआधी मंचावर जायला नकार दिला, शेवटी टीव्हीचा कॅमेरा गिटारने फोडला आणि ॲम्प्लिफायरला आग लावायला लावली. पेट्रोल जास्त पडलं आणि स्फोट झाला. पुढच्या अल्बममध्ये फंक वाढलं तसा तो दूर गेला. ७ एप्रिल १९७५ ला पॅरिसमध्ये त्याने शेवटचं वाजवलं आणि स्वतःचा रेनबो हा बँड काढून तो निघाला.

त्याच्या जागी अमेरिकी टॉमी बोलिन आला, जॅझकडे झुकणारा, अतिशय हुशार आणि हेरॉइनच्या तावडीतला. डिसेंबर १९७५ मध्ये जकार्ताच्या दौऱ्यात बँडच्या ताफ्यातला पॅट्सी कॉलिन्स हॉटेलच्या लिफ्टच्या पोकळीत पडून मेला. लगेच पुढे जपानमध्ये बोलिनचा डावा हात बधिर झालेला होता. बोटं नीट दाबत नव्हती, तेव्हा गिटारचे तुकडे लॉर्ड ऑर्गनवर भरून काढत होता. १५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलच्या एम्पायरमध्ये कार्यक्रम झाल्यावर लॉर्ड आणि पेस यांनी ठरवलं की आता पुरे. कव्हरडेल राजीनामा द्यायला आला तेव्हा सोडायला बँडच उरला नव्हता. बोलिन त्याच वर्षी ४ डिसेंबरला मायामीत गेला, वय २५.

१९८० मध्ये रॉड एव्हान्स अमेरिकेत नव्याच चार माणसांना घेऊन डीप पर्पलच्या नावाने कार्यक्रम करू लागला. खरं काय ते कळल्यावर प्रेक्षक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई ठरली. पहिल्या तीन अल्बमच्या मानधनावरचा त्याचा हक्कही गेला. १९८४ मध्ये मार्क टूचे पाचही जण पुन्हा एकत्र आले. २०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा आठ नावं निवडली गेली. त्यांत एव्हान्स आहे. त्याच तीन अल्बमवर बास वाजवणारा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर काढला गेलेला निक सिंपर नाही, आणि बोलिनही नाही.