प्रभात आणि जयप्रभा : दोन नावं, दोन वेगळ्या गोष्टी

जुन्या सिनेमाचा विषय निघाला की कोल्हापुरात कुणीतरी हमखास सांगतं, "प्रभातचा स्टुडिओ ना? मंगळवार पेठेतला जयप्रभा." ऐकणाराही मान डोलावतो. हे बरोबर नाही. प्रभात फिल्म कंपनीने जयप्रभा स्टुडिओत कधी काम केलं नाही. प्रभातवाले १९३३ साली पुण्याला गेले. पुढे जयप्रभा म्हणून ओळखला गेलेला स्टुडिओ सुरू झाला तोच मुळी ते निघाल्यावर.

गोंधळ होतो यात नवल नाही. नावं एकमेकांच्या जवळची, त्यात पुढे जयप्रभाचे मालक झालेल्या भालजी पेंढारकरांच्या निर्मिती संस्थेचं नाव प्रभाकर पिक्चर्स. माणसं तर एकाच गोतावळ्यातली. भालजी आणि बाबूराव पेंढारकर सख्खे भाऊ, व्ही. शांताराम त्यांचे मावसभाऊ. बाबूराव आधी प्रभातमध्ये होते, मग पुढे जयप्रभा झालेल्या स्टुडिओकडे आले.

आधी प्रभात घेऊ. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच जणांनी ही कंपनी काढली : विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. कुलकर्णी पैशाच्या बाजूने उभे राहिले. बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला होता. त्यामुळे या मंडळींना यंत्र खोलून समजून घेण्याची सवय तिथूनच लागलेली. प्रभातमध्ये कामं वाटून घेतलेली होती. शांतारामांकडे दिग्दर्शन, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण दामल्यांकडे. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा मराठी बोलपट प्रभातचाच, आणि तो कोल्हापुरातल्या काळातला. हे इथल्या नव्या पोरांना कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्यात गेल्यावर कंपनी आणखी मोठी झाली. नट, सुतार, रंगारी, कॅमेरामन, सगळे महिन्याच्या पगारावर. गोष्ट ठरण्यापासून फिल्म धुऊन निघेपर्यंतचं काम एकाच आवारात, आणि तयार होणारा चित्रपट कंपनीच्या मालकीचा. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो अशाच व्यवस्थेतून घडू शकला, असं मला वाटतं. कलादिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक मिळून दिग्दर्शनाला बसतात आणि असा चित्रपट करून दाखवतात, हे रोज एकत्र राबणाऱ्या माणसांनाच जमतं. पण कंपनी माणसांवर टिकते. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, दामले १९४५ मध्ये वारले, आणि पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद पडली. तिच्या पुण्यातल्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

आता जयप्रभा. प्रभात गेली म्हणून कोल्हापूरचा सिनेमा थांबू नये, यासाठी छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं. भालजींनी १९३४ साली 'आकाशवाणी' हा चित्रपट इथेच केला. मास्टर विनायकांचा 'विलासी ईश्वर'ही इथलाच. मग चाळीशीच्या दशकात हा स्टुडिओ भालजींकडे आला आणि त्याचं नाव जयप्रभा झालं. म्हणजे आवार तेच, मालक आणि नाव बदललेलं. प्रभातच्या अगदी उलट : तिथे कंपनी तीच राहिली आणि गाव बदललं.

प्रभात पाच जणांच्या भागीदारीने चालली, जयप्रभा एका माणसाच्या जिद्दीवर. भालजी तिथे स्वतःचे चित्रपट करत. पृथ्वीराज कपूर आणि तरुण राज कपूर 'वाल्मिकी'साठी कोल्हापुरात आले ते भालजींकडेच. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, त्यानंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ पेटवला गेला. चित्रपटाच्या कामासह सगळं राख झालं. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण कर्जाचं ओझं उतरलं नाही. १९५९ मध्ये लता मंगेशकरांनी स्टुडिओ विकत घेतला. इथे लोक आणखी एक गल्लत करतात : मालकी लताबाईंची झाली, तरी भालजींचं चित्रपट करणं थांबलं नाही. 'साधी माणसं' १९६५ चा, 'तांबडी माती' १९६९ चा. 'साधी माणसं'चं संगीत आनंदघन या नावाने खुद्द लताबाईंनी दिलं.

आजच्या भाषेत फरक सांगायचा तर प्रभात ही चित्रपट निर्माण करणारी संस्था, आणि जयप्रभा ही चित्रीकरणाची जागा. म्हणून जुन्या चित्रपटाच्या सुरुवातीला तुतारी वाजवणारी स्त्री दिसली की तो प्रभातचा, मग तो कोल्हापुरात झालेला असो की पुण्यात. जयप्रभाचा शिक्का असा मिळत नाही. तिथे बॅनर वेगळा असू शकतो आणि स्टुडिओचं नाव श्रेयनामावलीत खाली कुठेतरी असतं.

हा फरक नुसत्या माहितीपुरता नाही. प्रभात बंद झाली तरी तिचे चित्रपट उरले, पाहता येतात. जयप्रभाचं म्हणून जे काही आहे ते त्या आवारातच आहे. २०२२ मध्ये जागेच्या विक्रीवरून कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले, तेव्हा "एवढा काय जुन्या शेडचा लोभ" असं म्हणणारेही भेटले. प्रभात आणि जयप्रभा एकच समजणाऱ्याला तसं वाटणारच. प्रभातचा वारसा पुण्यात सांभाळला गेलाय, मग इथे काय राहिलं, असा त्याचा हिशेब असतो. इथे राहिलंय ते प्रभातचं नाही. प्रभात निघून गेल्यावर कोल्हापूरने स्वतःच्या बळावर जे उभं केलं, ते आहे.

आणि कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीची चित्रनगरी या दोन्हींपैकी कुणाची नाही. ती सरकारने पुष्कळ नंतर उभारली.