सुट्ट्या सिगारेटचा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी आहे. खांबाला सुतळीनं लायटर टांगलेला, समोरच्या बाकड्यावर सॅक पाठीवरच ठेवून बसलेली कॉलेजची पोरं. "मामा, तीन चहा, एक सुट्टी." ती एक तिघांत फिरते. त्यातल्या एका ओळखीच्याला मी विचारलं, "ओढतोस काय रे?" झुरका सोडत तो म्हणाला, "नाय ओ सर. हे आपलं चहाबरोबर, कधीतर."

तो खोटं बोलत नव्हता. स्वतःला तो 'ओढणाऱ्यांत' धरतच नाही. विद्यार्थ्यांच्या धूम्रपानावरची सर्वेक्षणं इथंच फसू शकतात. त्यांत माहिती, मत आणि सवय अशा तिन्हींची विचारपूस असते. 'सिगारेटनं कर्करोग होतो का?' याला पोरं डोळे झाकून 'होय' म्हणतील. पण 'तुम्ही धूम्रपान करता का?' असं सरळ विचारलं, की आमचा गडी 'नाही'वर खूण करून मोकळा. म्हणून 'गेल्या ३० दिवसांत किती दिवस ओढली?' असं विचारायची पद्धत आहे. (मावा मळणारा तर धूम्रपानाच्या रकान्यात सापडतच नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के.)

कर्करोगाचं सगळ्यांना पाठ असतं. ठाऊक नसतं ते 'एखाद्या'चं गणित. दिवसाला २० ऐवजी एकच ओढली तर धोकाही विसाव्या हिश्श्यावर येईल, असं कुणालाही वाटेल. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटी कमी झाल्या की बराच उतरतो. हृदयाचं तसं नाही. २०१८ साली १४१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा रोज २० ओढणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यांनाही असल्याचं दिसलं. स्त्रियांत तो सुमारे एक तृतीयांश निघाला. थोड्याशा धुरानंही रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. धोक्याची चढण सुरुवातीलाच उभी असते, पुढं ती सपाट होत जाते.

शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघातून उतरणाऱ्या पोरांना धुराचं आणखी एक नुकसान लवकर पटतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो आणि बसल्या जागी त्यातला निम्मा सुटायलाच चार-पाच तास लागतात. मॅचच्या आधी 'एक मारून' आलेला गडी ऑक्सिजनच्या काही जागा आधीच भरून मैदानात उतरतो.

आणि चहाच का? झुरक्यातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, बरं वाटायला लावणारं डोपामिन सुटतं. त्या घडीला जे आसपास असेल, आल्याचा वास, बाकडं, दोस्ताचा आवाज, त्याची मेंदू गाठ मारून ठेवतो. पुढं नुसता चहा उकळायला लागला तरी बोटं शिवशिवतात. विशी-बाविशीत मेंदूची घडण अजून चालू असते, त्यामुळं या गाठी जास्त पक्क्या बसतात.

२०१६पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र आणि मजकूर असतो. पण सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतं कुठं? ते टपरीवाल्याच्या बरणीमागं. किती संपल्या याचीही मोजदाद राहत नाही. महाराष्ट्रानं २०२०च्या सप्टेंबरात सुट्ट्या विक्रीवर बंदी घातली, ती मला याच कारणासाठी दंडाच्या पाटीपेक्षा शहाणपणाची वाटते. अंमलबजावणी किती आहे, ते सुतळीचा लायटर सांगतोच.

त्या पोराला म्हटलं, सोडू नकोस, नुसती मोज. प्रत्येक सुट्टीला मोबाइलवर एक रेघ. आठवड्यानं त्यानं मोबाइल पुढं केला. एकतीस रेघा होत्या. "त्यातल्या निम्म्या वाटून ओढल्यात, सर," असं तो दोनदा म्हणाला.