वेळासची कासवं आणि 'उबवणी केंद्र' या शब्दाचा घोळ

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते, अंगाच्या भाराने वाळू दाबून बसवते आणि समुद्रात परत जाते. मागे उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. त्याच मागावरून कोल्हा घरट्यापाशी येतो, कुत्रा येतो आणि पूर्वी माणूसही यायचा. काठी खुपसून बघायचं, वाळू भुसभुशीत लागली की हात घालायचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, कासवाचं नाव होतं, पण किनाऱ्यावर त्या कायद्याचा पत्ता नव्हता.

२००२ साली समुद्री गरुडाच्या नोंदी घेत फिरणाऱ्या चिपळूणच्या निसर्गप्रेमींना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि घरटी राखण्याचं काम सुरू झालं. अंडी काढण्यात तरबेज असलेल्यांनाच राखणीला घेतलं, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय. माग ओळखणारी नजर त्यांच्याचकडे होती.

वाद झाला तो घरटी हलवण्यावरून, म्हणजे अंडी मूळ जागेवरून काढून कुंपणातल्या सुरक्षित जागी नेण्यावरून. त्या जागेला कागदोपत्री 'अंडी उबवणी केंद्र' म्हटलं गेलं आणि अजूनही लोकांना वाटतं की तिथे कोंबडीच्या अंड्यांसारखी यंत्रात ऊब देत असतील. प्रत्यक्षात तिथे असतं जाळीचं कुंपण आणि किनाऱ्याचीच वाळू. ऊब सूर्य देतो, माणूस फक्त कोल्ह्या-कुत्र्याला अडवतो. खरं तर 'राखण' हाच शब्द बरोबर होता. 'उबवणी'मुळे कामाचा अर्थच फिरला आणि किती पिल्लं सोडली, एवढंच मोजलं जाऊ लागलं.

हलवण्यातला धोका खराच आहे. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून पहाटेच माग शोधायचा, अंडं वरखाली न करता उचलायचं आणि तितक्याच खोल, मडक्यासारख्या खड्ड्यात ठेवायचं. शिवाय वाळू जास्त तापली की माद्याच जास्त निपजतात, म्हणजे कुंपणाची जागा चुकली तर नर-माद्यांचं प्रमाणच बिघडतं. तरीही सुरुवातीच्या त्या वर्षांत घरटी जागेवर सोडली असती तर पिल्लंच उरली नसती, असं माझं ठाम मत आहे.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली वळवळणारी पिल्लं बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे थंडीत उभी राहू लागली. गावात घरोघरी पाहुणे उतरू लागले, तसं उष्टं-खरकटंही वाढलं आणि त्यावर पोसलेली कुत्री किनाऱ्यावर आली. कोल्ह्यापेक्षा आज त्यांचीच धास्ती जास्त आहे.

२०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र, बसला. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या अंगावर तर ओडिशात २०२१ साली लावलेला ओळख-क्रमांकाचा टॅग निघाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, हे गृहीतक त्यामुळे डळमळलं. आता रात्रभर पहारा ठेवता येईल तिथे घरटं न हलवता वरून जाळी टाकावी, असा आग्रह वाढतो आहे. पहारेकरी पुरेसे मिळाले, तर तो मलाही पटतो.